चिनी अक्षरं गिरवत बसण्यात अर्थ आहे का? एका आईचं पत्र

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी बी.कॉम. सेकंड इयरला, वर्षभर ऑनलाइन चायनीज शिकतेय, बोलायला बऱ्यापैकी जमतं, पण आता क्लासमध्ये अक्षरं लिहायला लावतात म्हणून रात्री उशिरापर्यंत वह्या भरते आणि सकाळी निम्मी विसरते. आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, मोबाईलने फोटो काढला की सगळं ट्रान्सलेट होतंय, कशाला हा उद्योग. इचलकरंजीत लूमच्या पार्टचं दुकान आहे म्हटल्यावर चायनीज कामाचं आहे हे त्यांना पटलेलं दिसतं, फक्त वह्या पटत नाहीयेत.

तर मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. चीनमध्ये पण बहुतेक लोक फोनवर रोमन लिपीत उच्चार टाइप करतात (हे पिनयिन, 1958 पासून आहे) आणि खाली जी अक्षरं येतात त्यातलं हवं ते निवडतात, त्यामुळे चांगली शिकलेली माणसं पण पेन धरल्यावर अडतात. पण 'शी' टाइप केलं की अक्षरांची रांगच लागते, त्यातलं आपलं कुठलं हे डोळ्यांना कळायला नको का? आणि धंद्यात तर बघाच, 'माय' म्हणजे विकत घेणं आणि 'माय' म्हणजे विकणं, फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा, आणि लिहिताना विकण्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा जास्त, बस्स. ज्याने हे दोन्ही कधी हाताने लिहिलेलंच नाही तो घाईत चुकणारच.

म्हणून लिहायचं, पण सगळं नाही. चीनने 2021 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी जे नऊ लेव्हलचं स्टँडर्ड काढलं त्यात सगळ्यात वरपर्यंत वाचायला 3000 अक्षरं आहेत आणि हाताने लिहायला 1200. पहिल्या तीन लेव्हलला तर वाचायला 900 आणि लिहायला 300. म्हणजे त्यांनीच फरक केलाय, आपण कशाला सगळीच्या सगळी गिरवत बसायचं.

आता निम्मी विसरते त्याचं कारण. ती बहुतेक प्रत्येक अक्षर एक अख्खं चित्र म्हणून पाठ करतेय. ते तसं नसतं, आपल्या जोडाक्षरासारखे तुकडे असतात आणि बहुतेक अक्षरांत एक तुकडा अर्थाचा इशारा देतो, दुसरा उच्चाराचा. 'छिंग' नावाचा एक तुकडा आहे. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन ठिपके लावले की स्वच्छ, सूर्य लावला की निरभ्र, मनाचा तुकडा लावला की भावना, बोलण्याचा लावला की 'कृपया'. चारही छिंगच, फक्त सूर कुठेकुठे बदलतो. उच्चाराचा तुकडा दरवेळी इतका इमानदार नसतो, पण तरी चार वेगळी चित्रं घोकण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. चिनी कोशात असे अर्थाचे गट परंपरेने 214 धरतात, ते सगळे नकोत, नेहमीचे पन्नासेक ओळखीचे झाले तरी गाडी पळते.

तिला सांगा, गणिताची चौकटीची वही घे, रोज पाच अक्षरं, रेघांचा क्रम पाळून (वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकोन असला तर तळाची रेघ शेवटी) तीनदा लिही, वही मीट, अर्ध्या तासाने आठवून लिही. एकाच अक्षराने पानभर रांगोळी काढण्यात डोकं झोपतं आणि हात दुखतो. बाकीची अक्षरं वाचून आणि टाइप करून होऊ देत. दुकानात येणाऱ्या खोक्यांवरची लेबलं, मशीनच्या पॅनलवरचं चालू, बंद, थांबा, हे तिच्याकडून वाचून घ्या, मिस्टरांना पण जरा बरं वाटेल.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. नुसत्या भाषांतरावर आता भरवसा ठेवू नका, साधं काम मशीनने खाल्लंय. पण अकाउंट्स आणि इम्पोर्टचे कागद कळणारी आणि सप्लायरशी चायनीजमध्ये भाव करणारी मुलगी, अशी माणसं सहज मिळत नाहीत. त्यामुळे बी.कॉम. सोडायचं नाही. एचएसकेची (चीनची, परदेशी लोकांसाठीची चायनीजची परीक्षा) जुन्या सहा लेव्हलच्या हिशेबात निदान चौथी हवी, म्हणजे 1200 शब्द, त्याखालच्या सर्टिफिकेटला कंपनीत फारसं कुणी विचारत नाही असं माझं मत. पहिल्या दोन लेव्हलला पेपरात पिनयिन छापलेलं असतं, तिसरीपासून ते गायब होतं आणि लिहिण्याचा भाग सुरू होतो, बरीच मुलं तिथेच गळतात. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली तर तो भाग टाइप करता येतो. अभ्यासक्रम सध्या बदलतोय, म्हणून फी भरायच्या आधी क्लासच्या सरांना दोन गोष्टी विचारा, जुन्या पॅटर्नची तयारी घेताय का नव्या, आणि परीक्षा कागदावर का कॉम्प्युटरवर.