एकच कणीक, पोळी मऊ पण पाव का बसतो?

प्रश्न : मी नागपूरला प्रतापनगरात राहते, इतवारीतून गहू आणून चक्कीवर दळते. पोळ्या मऊसूत होतात, रोडगेही छान, पण त्याच कणकेचा पाव विटेसारखा होतो. यीस्ट तर ताजं असते. चुकते कुठे?

उत्तर : ताई, तुमचा हात चुकत नाहीये हो, बरंचसं गव्हाच्या जातीतच ठरलेलं असतं. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, अ, ब, ड असे तीन जीनोम म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, आणि पिठाला ताण देणाऱ्या ग्लुटेनिन प्रोटीनची मुख्य जीन्स 1ए, 1बी, 1डी (अ, ब, ड संचांतली पहिल्या नंबरची) या गुणसूत्रांवर बसलेली, त्यातही 1डी वरची जोडी सगळ्यात महत्त्वाची. तिथे ५ अन् १० नंबरच्या प्रोटीनची जोडी (५+१०) असेल तर कणीक रबरासारखी चिवट, गॅस धरून ठेवते, पाव फुगतो. २+१२ असेल तर सहसा सैल. फरक केवढा, तर ५ नंबरच्या प्रोटीनमध्ये एक सिस्टीन (प्रोटीनच्या साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक) जास्त असते आणि त्यामुळे साखळ्या अजून लांब जोडल्या जातात! मला तर हे दरवेळी नवलाचं वाटते.

पोळीला एवढी चिवट कणीक नकोच, लाटली की परत आखडते. बन्सी गव्हात तर ड जीनोमच नाही, २८च गुणसूत्रं, म्हणून दाणा कडक, रवा मस्त, पाव मात्र जेमतेम.

ब्रीडर, म्हणजे गव्हाच्या नव्या जाती तयार करणारे लोक, दाणा अर्धा कापतात, कोंब नसलेल्या अर्ध्यातलं प्रोटीन तपासतात अन् जोडी चांगली निघाली की कोंबाचा अर्धा पेरतात.

तुम्ही सध्या निम्मा मैदा घाला, कोंडा गाळून घ्या आणि भरपूर मळा.