‘दाम’ : दोरी, अकबर की ग्रीक नाणे?

एका वाचकाने विचारले आहे की पैसा किंवा किंमत या अर्थाचा ‘दाम’ हा शब्द अकबराच्या नाण्यावरून, म्हणजे फारसीतून मराठीत आला, की दोरी या अर्थाच्या संस्कृत ‘दामन्’पासून, कारण पूर्वी नाणी दोरीत ओवत असत. ‘साम-दाम-दंड-भेद’ यातला दाम तोच का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

आधी दोरीचे पाहू, कारण तिथे आपलीच भाषा नेमके उत्तर देते. स्वरानंतर एकटा आलेला संस्कृत ‘म’ मराठीत बहुधा ‘व’ होतो : ग्राम–गाव, नाम–नाव. त्याच वाटेने ‘दामन्’ मराठीत आला आणि गुरांचे ‘दावे’ झाला. ‘दावण’ही त्याच्याच कुळातली. म्हणजे दोरीचा ‘दामन्’ मराठीत आजही नांदतो आहे, पण गोठ्यात, पैशाच्या पिशवीत नव्हे. मराठीत ‘म’ टिकतो तो प्राकृतात द्वित्त ‘म्म’ असेल तेव्हा, आणि त्या द्वित्ताची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो : कर्म–कम्म–काम, घर्म–घम्म–घाम, चर्म–चम्म–चाम. तेव्हा ‘दाम’च्या मागे ‘दम्म’ असलाच पाहिजे, आणि तो प्राकृतात आहे. त्याचे संस्कृत रूप ‘द्रम्म’. पुढे ‘डी’ प्रत्यय लागला की तोच स्वर पुन्हा ऱ्हस्व होतो, म्हणून चाम–चमडी आणि दाम–दमडी. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या म्हणीतले दोन्ही शब्द एकाच नियमाने घडले आहेत, ही गोष्ट मला फार आवडते.

अकबराचा दाम हे तांब्याचे नाणे होते आणि 40 दामांचा एक रुपया होत असे. पण त्याच्या चारशे वर्षे आधी, 1150 मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या आरंभीच कोष्टक दिले आहे : 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिण्यांचा पण, 16 पणांचा द्रम्म आणि 16 द्रम्मांचा निष्क. एका द्रम्माच्या 1280 कवड्या झाल्या. त्याहीपूर्वी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातल्या कान्हेरीच्या लेखांत विहाराला दिलेल्या द्रम्मांच्या देणग्या नोंदलेल्या आहेत. तेव्हा अकबराच्या टांकसाळीने हा शब्द आणला नाही, तिने इथलाच शब्द उचलला.

मग ‘द्रम्म’ कुठला? हा ग्रीक ‘द्राख्मे’. मुठीत धरणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो झाला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘मूठभर’. ग्रीसमध्ये नाणी पाडू लागण्यापूर्वी ‘ओबोल’ नावाच्या लोखंडी सळया विनिमयासाठी वापरत, त्यांतल्या सहा मुठीत मावत म्हणून सहा ओबोलांचा एक द्राख्मे. अलेक्झांडरनंतर बॅक्ट्रियातल्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडच्या, आणि पंजाबातल्या ग्रीक राजांनी तो भारतात पाडला. मेनान्द्राचे, म्हणजे बौद्धांच्या मिलिंदाचे, चांदीचे नाणे सुमारे अडीच ग्रॅमचे असते : एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला अथेना देवी आणि खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. तारणहार महाराज मेनान्द्राचे, असे ते प्राकृत आहे. एकाच नाण्यावर दोन भाषा बोलतात.

हे नाणे राजापेक्षा दीर्घायुषी ठरले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा अनाम लेखक सांगतो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मेनान्द्र या ग्रीक राजांचे जुने द्राख्मे अजून चालतात. मेनान्द्राला तोवर सुमारे दोनशे वर्षे झाली होती. त्याच भडोचला पैठणहून वीस दिवसांची वाट तुडवत गाड्यांमधून अकीक येत असे आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून, सुती कापड. नहपान या क्षत्रप राजाची जी चांदीची नाणी 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर सापडली, तीही याच ग्रीक वजनमापाच्या परंपरेतली आहेत आणि त्यांच्यावर ग्रीक अक्षरे आहेत. मात्र नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात दानाची रक्कम ‘कार्षापण’ या जुन्या भारतीय नाण्याच्या नावानेच मोजतो. माझ्या मते यावरून दिसते की नाण्याची घडण आपल्याकडे आधी रुळली आणि नाव लेखांत मागाहून स्थिरावले.

हाच ग्रीक शब्द इराणमार्गे अरबीत ‘दिरहम’ झाला. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा दिरहम आणि त्याच्या आजीची दमडी ही त्यामुळे सख्खी भावंडे आहेत.

‘दामदुप्पट’मध्ये दाम म्हणजे मुद्दल. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, म्हणजे एकूण येणे दुपटीवर जाता कामा नये, हा मनुस्मृतीतही असलेला नियम या नावाने ओळखला जाई. तो सावकाराला घातलेला बांध होता. आज ठेवींच्या जाहिरातींत हाच शब्द आमिष म्हणून वापरलेला पाहून वाईट वाटते.

राहिला ‘साम-दाम’. राजनीतीच्या ग्रंथांतले चार उपाय साम, दान, भेद आणि दंड असे आहेत. तिथे मूळ शब्द ‘दान’, म्हणजे काही देऊन वश करणे. ‘साम’शी यमक जुळते आणि देणे शेवटी पैशाचेच, म्हणून बोलण्यात ‘दान’च्या जागी ‘दाम’ आला असावा. अर्थात तो दाम हाच, द्राख्मेचा. मराठीत तो रूढ आहे आणि चूक म्हणून खोडण्याचे कारण नाही, पण संस्कृत वचन उद्धृत करताना मात्र ‘दान’च लिहावे.