वाचक विचारतात: फारसी, घरबसल्या

मागे एकदा या पानावर सहज लिहून गेले की मी फारसी घरीच शिकले, क्लास नाही काही नाही, तर त्यावर पत्रंच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, तीन निवडलीत.

प्रश्न: ताई, मी नाशिकला एका बँकेत आहे, वय ४३. गझलेचा नाद जुना. गेल्या दसऱ्याला फारसी सुरू केली, ३२ अक्षरं महिन्याभरात बसली, मग हौसेने फारसी कवी हाफिजचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, मागवला आणि पहिल्या गझलेच्या पहिल्याच ओळीला आपटलो, एक शब्द लागेना. नंतर ॲप झालं, व्हिडिओ झाले. आता दीड महिना वही उघडलेली नाही. बायको म्हणते, हार्मोनियमचं झालं तेच याचं होणार. मोटिव्हेशन कसं टिकवायचं?

उत्तर: आधी त्या ओळीचं बोलू. दादा, ती ओळ फारसी नाहीच हो, अरबी आहे! हाफिजच्या दीवानातली पहिली गझल सुरूच होते अरबी ओळीने, म्हणजे जो पेपर तुमचा नव्हताच त्यात नापास झालो म्हणून तुम्ही दीड महिना रुसून बसलात.

दुसरं, लिपी आली म्हणजे वाचता आलं असं या भाषेत होत नाही आणि हे कोणी सुरुवातीला सांगत नाही. ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत ना. काफ, रे, मीम अशी तीन अक्षरं समोर आली की ते ‘केर्म’ असेल तर अळी, ‘करम’ असेल तर औदार्य आणि ‘केरेम’ असेल तर तोंडाला लावायचं क्रीम. शब्द आधी माहीत असेल तरच वाचता येतो. त्यात दोन शब्द जोडणारा तो ‘ए’, आपल्या कोह-ए-नूरमधला, तोही बहुतेक वेळा लिहीत नाहीत, फक्त म्हणतात. म्हणून एकट्याने मुक्याने वाचायचं नाही, कानात आवाज पाहिजेच. गंजूर नावाची साइट आहे, जुन्या कवींचा मोठा साठा आहे तिथे आणि बऱ्याच कवितांना वाचून दाखवलेला आवाज जोडलेला आहे, फुकट. बोट ओळीवर आणि कान आवाजाकडे, असं चालायचं.

आता मोटिव्हेशन. ते टिकत नाही. माझंही नाही टिकलं, मध्ये तब्बल आठ महिने मी काही केलं नाही, एका ऑनलाइन क्लासचे पैसे भरून बसले होते आणि शिकवणारे सरच तिसऱ्या आठवड्यात गायब झाले, तो राग वेगळा. कंटाळा आला होता तो क्रियापदांचा. फारसीत क्रियापदाचं मूळ रूप पाठ केलं की भूतकाळ सुटतो, पण वर्तमानकाळाचा धातू वेगळाच निघतो आणि बरेचदा तो सुटाच पाठ करावा लागतो. नेवश्तन म्हणजे लिहिणं, पण मी लिहिते म्हणायचं तर ‘मीनेवीसम’. अंदाख्तन म्हणजे फेकणं, पण मी फेकते हे ‘मीअंदाज़म’. असे शंभरेक धातू, रोज दहा पाठ, दुसऱ्या दिवशी आठ विसरलेले.

तर एका दुपारी मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते आणि बाहेर बाबांनी मॅच लावलेली, मराठी कॉमेंट्री. ‘गोलंदाज धावत आला...’ आणि माझा हातच थांबला. गोल-अंदाज. गोळा फेकणारा! तिरंदाज म्हणजे तीर फेकणारा. जो धातू आठ महिन्यांपूर्वी डोक्यात शिरत नव्हता तो मी लहानपणापासून बोलत होते. तशीच उठले, हिरव्या बोटांनी जुनी वही काढली आणि मागच्या पानावर यादी करत सुटले. नेवीस? फडणवीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस, हे सगळे लिहिणारे, त्यातले पारसनीस तर फारसीच लिहिणारे. ‘दारम’ म्हणजे माझ्याकडे आहे, तो दार हवालदारात, सुभेदारात, दुकानदारात. मीख़ोरम, मी खाते, म्हणून लाचखोर, आणि या हिशोबाने भांडखोर म्हणजे भांडणं खाणारा, काय शब्द आहे बघा. मीदानम, मला माहितीये, म्हणून ज्याला काही माहीत नाही तो नादान. मीगीरम, मी घेते, म्हणून बारगीर, ओझं घेणारा. पोशीदन म्हणजे अंगावर घालणं, झाकणं, त्याचा पोश आपल्या पलंगपोसात. त्या संध्याकाळी सत्तावीस निघाले, मटार तसेच राहिले.

म्हणून माझं म्हणणं, ॲपमधला तो किती दिवसांची साखळी झाली वगैरे आकडा विसरा, तो तुटला की माणूसच तुटतो. तुम्ही वहीच्या मागच्या पानापासून सुरुवात करा, ओळखीच्या शब्दांची यादी. वाक्याची रचनाही परकी नाही, कर्ता, कर्म आणि क्रियापद शेवटी, आणि लिंगाची भानगडच नाही, माणूस तो असो की ती, एकच ‘ऊ’. (परक्याला मराठी शिकवताना ‘तो पाव, ती भाकरी, ते बिस्किट’ का, हे एकदा समजावून बघा, मग या ‘ऊ’ची किंमत कळेल.) नंतर हाफिज बाजूला ठेवा आणि सादी या जुन्या फारसी कवीच्या गुलिस्तानमधली एखादी पाच-सात ओळींची गोष्ट घ्या. १२५८ सालचं पुस्तक आहे पण कित्येक पिढ्या आपल्याकडे फारसी शिकणाऱ्यांच्या हातात आधी तेच द्यायचे, उगाच नाही. एकच गोष्ट पंधरा दिवस, ऐकायची, हाताने उतरवायची, आणि रविवारी जेवताना वहिनींना मराठीत सांगायची. सांगायला कोणीतरी बसलेलं असलं की वही आपोआप उघडते. हाफिज वर्षभराने, आणि तेव्हाही पहिली गझल सोडूनच.

प्रश्न: ताई, मी पुण्यात एस. वाय.ला आहे. इराणी सिनेमे बघून फारसीचं वेड लागलं, सहा महिने पुस्तकातून शिकतीये, व्याकरण बऱ्यापैकी येतं पण सिनेमा लावला की एक वाक्य कळत नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये गं, तू पुस्तकातली भाषा शिकलीस आणि सिनेमातले लोक तेहरानमधली बोलतायत. आपल्याकडे कोणी ‘तू काय करीत आहेस’ शिकून आला आणि सदाशिव पेठेत ‘काय कर्तीयेस’ ऐकलं तर त्याचं जे होईल ते तुझं झालंय. काही गोष्टी ओळखायला लाग म्हणजे निम्मं धुकं जाईल. ‘आन’चा बरेचदा ‘ऊन’ होतो, नान म्हणजे भाकरी तिची नून होते, ख़ाने म्हणजे घर त्याचं ख़ूने. क्रियापदं आखडतात, मीरवम (मी जाते) नुसतं मीरम, मीगूयम (मी म्हणते) नुसतं मीगम. आणि ‘अस्त’ म्हणजे आहे, त्याचा शेवटी एक ‘ए’ उरतो, ख़ूब अस्तचं ख़ूबे. एक सीन घे, दोनच मिनिटांचा, फारसी सबटायटल मिळाली तर उत्तम, आणि प्रत्येक वाक्य वहीत दोनदा लिही, पुस्तकी एकदा, बोली एकदा. अख्खा सिनेमा नको, सीनच.

उच्चाराला मराठी आपल्याला साथ देते, जमीन, जोर, बाजार यांतला ज आपण जीवनातल्यासारखा म्हणत नाही, तो फारसी ज़च्या पुष्कळ जवळ आहे. लिहिताना मात्र त्या एका आवाजाला चार अक्षरं आहेत, त्याला इलाज नाही, शब्दागणिक लक्षात ठेवायचं.

आणि ओळखीच्या शब्दांपासून जपून. वरच्या दादांना मी यादी करायला सांगितली खरी पण त्यातले काही फितूर आहेत. मी सुरुवातीला एका इराणी मैत्रिणीला चॅटवर ‘रूज़गार नदारम’ असं ठोकून दिलं, मला म्हणायचं होतं सध्या नोकरी नाही, ती बिचारी घाबरून विचारायला लागली की एवढं काय झालं. फारसीत रूज़गार म्हणजे काळ, दिवस, नशिबाचे फेरे असलं काहीतरी. नोकरी नाही हे सांगायला आपला बेकारच बरोबर होता, बीकारम! ग़रीब म्हणजे परका, शादी म्हणजे आनंद, तकलीफ म्हणजे नेमून दिलेलं काम किंवा शाळेचा गृहपाठ (हे मात्र पटतं), आणि तमाशा म्हणजे नुसतं बघणं, ढोलकी वगैरे काही नाही. शीर म्हणजे दूध, सिंह आणि पाण्याचा नळ, तिन्ही. अफगाणिस्तानात सिंहाला अजून शेरच म्हणतात, आपल्यासारखं.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यातून लिहितोय, वय ७१, मोडी उत्तम वाचतो. घरच्या दप्तरात दोन फारसी कागद आहेत, वरती शिक्का आहे. वर्षभर घरी अभ्यास केला तर वाचता येतील का?

उत्तर: काका, नमस्कार. खरं सांगायचं तर छापील फारसी वर्षात वाचाल, ते कागद बहुधा नाही. तसे कागद बरेचदा शिकस्ता वळणात असतात, शिकस्ता म्हणजेच मोडलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं खाल्लेली, अक्षरं एकमेकांत घुसलेली. पण मोडीवाल्या माणसाला हे नवीन नाही, लिहिणाऱ्याने हात न उचलता काय काय गिळलंय हे ओळखायची सवय तुम्हाला आहेच. शिवाय तुमच्या मोडी कागदांत तारखेआधी ‘छ’ घालून जमादिलावल, रमजान असे महिने येतात, सुहूर सनाचे, म्हणजे जुन्या वर्षगणनेचे, सलास, अर्बा, खमस असे आकडे येतात, तेच शब्द इथे मूळ लिपीत भेटतील. म्हणून तारखेपासून सुरुवात करा, मग शिक्क्यातलं नाव, मजकूर सगळ्यात शेवटी. आधी सहा महिने छापील वाचन, मग शिकस्ता.

कोश हवा असेल तर माधव ज्युलियन, म्हणजे आपले कवी माधवराव पटवर्धन, ते फारसीचे प्राध्यापक होते, त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ सालचा आहे, जुन्या ग्रंथालयात विचारा. आणि ते दोन कागद कृपा करून लॅमिनेट करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. खिडकीपाशी सपाट ठेवून फोटो काढा, ऊन थेट पडू देऊ नका, शिक्क्याचा फोटो वेगळा जवळून घ्या आणि अभ्यास त्या फोटोवर करा.