‘केवळ संशोधनासाठी’ : करारात एवढे लिहून भागते का?

प्रश्न असा आहे : सोलापूरजवळच्या एका डाळिंब रोपवाटिकेला चाचणीसाठी नव्या वाणाच्या काड्या मिळणार आहेत. कराराच्या मराठी प्रतीत ‘सदर साहित्य केवळ संशोधनासाठी वापरण्यात यावे’ असे वाक्य घातले आहे. ते बरोबर आहे का? आणि शीर्षकात ‘अनुज्ञेय वापर’ लिहावे की आणखी काही?

व्याकरणाने वाक्य ठीक आहे, करार म्हणून ते लंगडे आहे. ‘वापरण्यात यावे’ ही सरकारी पत्रातली सूचना झाली. कोणी वापरावे हे तिच्यात सांगितलेले नाही, आणि ‘-वे’मुळे मुभेऐवजी आज्ञेचा सूर येतो. मुभा द्यायची असेल तर ‘प्राप्तकर्त्याला वापरता येईल’ असे कर्त्यासकट लिहावे. ‘केवळ’ कुठे बसतो त्यावरही अर्थ फिरतो. ‘केवळ प्राप्तकर्त्याच्या शेतावर संशोधनासाठी’ यात बंधन जागेवर आहे, ‘प्राप्तकर्त्याच्या शेतावर केवळ संशोधनासाठी’ यात ते हेतूवर आहे. दोन्ही बंधने हवी असतील तर दोन वाक्ये करावीत. एकाच ‘केवळ’वर दोन्ही ओझी टाकू नयेत.

‘अनुज्ञेय’ हा शब्द ‘अनुज्ञेय भत्ता’मुळे परिचयाचा आहे, पण त्यात वरच्याने खालच्याला दिलेल्या सवलतीचा भाव आहे. करार दोघांच्या संमतीने होतो, म्हणून ‘मान्य वापर’ अधिक नेमके वाटते. सही करणाऱ्या शेतकऱ्यालाही ते वाचताक्षणी कळते.

खरी अडचण ‘संशोधन’ या शब्दाची आहे. मुळात तो ‘शुध्’ धातूचा, शुद्ध करण्याचा. ‘मुद्रितशोधन’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत तो शोधकार्याचा झाला. सोलापुरात ऐकू येणाऱ्या कानडीतही ‘संशोधने’ म्हणजे हेच, आणि तेलुगूत ‘परिशोधन’. हिंदीत मात्र ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपण घटनादुरुस्ती म्हणतो तिथला शब्द. केंद्रीय संस्थेशी करार असेल आणि हिंदी प्रतही निघणार असेल, तर तिथे ‘अनुसंधान’ हवे. नाहीतर ‘केवल संशोधन के लिए’ हे वाक्य वाचणाऱ्याला वाणात सुधारणा करायची मुभा दिल्यासारखे वाटू शकते, आणि नेमकी तीच बहुधा द्यायची नसते. तफावत आढळल्यास कोणत्या भाषेतली प्रत ग्राह्य धरायची, हेही करारात लिहून ठेवावे.

मराठीपुरते पाहिले तरी शब्द फार ऐसपैस आहे. झाडाची उंची मोजणे संशोधन, संकर करणेही संशोधन. शिवारफेरीत शेकडो शेतकऱ्यांना ती झाडे दाखवणे हे संशोधन की विस्तारकार्य? म्हणून नुसता हेतू सांगू नये, कृती सांगाव्यात. नमुना असा :

‘मान्य वापर म्हणजे प्राप्तकर्त्याने करारात नमूद केलेल्या गटातील ३ गुंठ्यांत वाणाची जास्तीत जास्त २० झाडे ३६ महिने वाढवणे, त्यांची वाढ, तेल्या रोगाला मिळणारा प्रतिसाद, फळाचे वजन व दाण्यांचा रंग नोंदवणे, आणि त्यासाठी पाने व फळे तपासणे. या झाडांपासून गुटी, छाट कलम किंवा ऊतिसंवर्धित रोप करणे, संकर करणे, किंवा झाडाचा कोणताही भाग इतरांना देणे हा मान्य वापर नाही.’

(गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून केलेले कलम, छाट कलम म्हणजे कापलेली काडी रुजवून केलेले, ऊतिसंवर्धित रोप म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेले.) आकडे हिशेबाने घ्यावेत. साडेचार बाय तीन मीटर अंतराने २० झाडांना २७० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन गुंठ्यांच्या आत जागा लागते. पहिला बहार, म्हणजे फळांचा हंगाम, साधारण दोन वर्षांनी धरतात, त्यामुळे १२ महिन्यांची मुदत लिहिली तर फळाबद्दल एक ओळही नोंदवता येणार नाही.

इथे ‘म्हणजे’ मुद्दाम आहे. ‘म्हणजे’ने व्याख्या बंद होते, ‘यात … यांचा समावेश होतो’ने ती उघडी राहते. शेवटी ‘इत्यादी’ जोडले की बंद केलेले दार पुन्हा उघडले. १९९५ च्या जैविक साहित्य हस्तांतरणाच्या अमेरिकी एकसमान करारात मूळ साहित्य, त्याची न बदललेली संतती आणि प्राप्तकर्त्याने बदल करून तयार केलेले साहित्य यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या आहेत. डाळिंबात गुटी ही न बदललेली संतती, संकराचे रोप बदललेले. नुसते ‘त्यापासूनची रोपे’ म्हटले तर दोन्ही एकाच पिशवीत पडतात.

संकराला मनाई करण्याआधी वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ चे कलम ३० वाचावे. नोंदणीकृत वाण प्रयोगासाठी, तसेच नवे वाण काढताना आरंभीचा स्रोत म्हणून वापरायला ते आड येत नाही. नव्या वाणाच्या व्यापारी उत्पादनासाठी तो वाण पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरावा लागत असेल, तेव्हाच पैदासकाराची, म्हणजे मूळ वाण काढणाऱ्याची, संमती लागते. म्हणून संकराची बंदी नमुन्यातून जशीच्या तशी उचलू नये, दोन्ही बाजूंनी बोलून ठरवावी.

‘अव्यावसायिक संशोधन’ हा शब्दप्रयोग टाळावाच. मराठीत ‘व्यावसायिक’ हा पेशाचाही आणि धंद्याचाही, त्यामुळे ‘अव्यावसायिक’ म्हणजे ‘कामाची शिस्त नसलेले’ असा अर्थ आधी डोक्यात येतो. ‘बिगर-वाणिज्यिक’ चालेल, पण ‘विक्रीसाठी नव्हे’ सर्वांत स्वच्छ. तेही फळांबाबत वेगळे लिहावे. झाडामागे १५ किलो धरले तरी २० झाडांची ३०० किलो फळे होतात, आणि मोजणी झाल्यावर ती बाजार समितीत न्यायची की नष्ट करायची हे करारात नसेल तर वाद ठरलेला. छाटणीच्या काड्यांचेही तसेच. बांधावर टाकलेली प्रत्येक जाड काडी म्हणजे एक संभाव्य छाट कलम, त्यामुळे ‘छाटणी झालेल्या दिवशीच काड्या जाळाव्यात’ ही एक ओळ हवीच. इथे मात्र ‘-वे’ योग्य आहे, कारण ती आज्ञाच आहे.