विचारा, सांगतो: फुटलेल्या ताऱ्याभोवतीची माळ

प्रश्न: १९८७ साली फुटलेल्या ताऱ्याचा हबल दुर्बिणीतला फोटो पाहिला. भोवती चमकत्या मण्यांची माळ आहे. स्फोट पोकळीत झाला, मग तिथे चमकायला होतं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पोकळी म्हणालात, तिथेच गोम आहे. एवढा मोठा तारा जन्मभर वारा सोडतो आणि त्यातून स्वतःचाच वायू उधळत राहतो. हा आधी तांबडा महाराक्षसी, म्हणजे फुगून अवाढव्य झालेला तारा होता, तेव्हाचा वारा दाट आणि संथ. पुढे तो निळा झाला, तेव्हाचा वारा विरळ पण सुसाट. अंगण झाडताना झाडूपुढे केराची ओळ साचते ना, तसा नव्या वाऱ्याने जुना वायू पुढे लोटला. ताऱ्याच्या कमरेभोवती तो जास्त दाट होता, म्हणून कडं झालं. मुळात तिथे दोन तारे होते आणि ते एकमेकांत मिसळले, असं एक मत आहे. मला ते पटतं.

स्फोटाचा उजेड कड्यापर्यंत पोचायला आठेक महिने लागले, म्हणजे अंतर साधारण ०.६५ प्रकाशवर्षं. कड्यातला वायू सेकंदाला फक्त १० किलोमीटर सरकतो, प्रकाशाच्या तीस हजाराव्या हिश्शाने. ०.६५ गुणिले ३० हजार करा: जवळजवळ २० हजार वर्षं. वाऱ्याला जी वाट चालायला २० हजार वर्षं लागली, ती स्फोटाच्या लाटेने दहाएक वर्षांत कापली. कड्यात जिथे वायूची बोटं आत आलेली होती तिथे लाट आधी आदळली, वायू तापला, मणी पेटले.

१९८७ साली आम्ही चार-पाच जण संध्याकाळी रंकाळ्यावर दक्षिणेकडे डोळे लावून बसायचो. कोल्हापुरातून तो तारा क्षितिजावर जेमतेम चार अंश चढतो. दिसला फक्त धुरकट पट्टा, आणि चिरमुरे संपले. पाहायला चिलीत नाहीतर ऑस्ट्रेलियात जन्मायला हवं होतं!

आता लाट कड्याबाहेर पडली आहे. मणी मंदावताहेत आणि बाहेरच्या, त्याहून जुन्या वायूत नवे ठिपके उजळताहेत. तुमच्या फोटोखालचं साल बघा. १९९४ च्या फोटोत कडं आहे, पण मणी नाहीत. तुम्हाला अख्खी माळ दिसली, म्हणजे तुमचा फोटो बराच नंतरचा.