सर्व्हर बंद करायची घाई करू नका

नमस्कार. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी प्रकरण थोडक्यात सांगतो. हे वाचक नाशिकचे, ट्रेकिंगवाल्या मराठी मंडळींसाठी हौसेने एक छोटा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतात (मॅस्टोडॉन म्हणजे एका कंपनीचं नसलेलं, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरचं सोशल नेटवर्क), मशीन भाड्याचं, तेही जर्मनीतलं. एक मेंबर आता म्युनिकला असतो, त्याचं ग्रुपमधल्या कुणाशी तरी वाजलं आणि त्याने मेल टाकलाय की जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा, त्याप्रमाणे माझं सगळं, जगातल्या झाडून सगळ्या सर्व्हरवरून, सात दिवसांत पुसा नाहीतर दोन कोटी युरो दंड भरा. आणि हे विचारतायत, रातोरात सर्व्हरच बंद करून मोकळा होऊ का?

अजिबात नको. तुम्ही सर्व्हर उडवलात तर त्याच्या पोस्ट पुसल्या जाणार नाहीत, उलट अडकून बसतील. ज्या ज्या सर्व्हरवर त्याचे फॉलोअर आहेत तिथे त्याच्या पोस्टची कॉपी आधीच गेलीय, आणि ती काढा असं सांगणारा डिलीटचा निरोप निघतो तो तुमच्याच सर्व्हरवरून, त्या अकाउंटच्या डिजिटल सहीने. सही करणारं मशीनच नसेल तर समोरचे सर्व्हर ऐकणार कुणाचं? पुढेमागे दुकान गुंडाळायचंच असेल तर आधी ‘टूटसीटीएल सेल्फ-डिस्ट्रक्ट’ (tootctl self-destruct) ही मॅस्टोडॉनची कमांड चालवा आणि सगळे निरोप रवाना होईपर्यंत मशीन चालू ठेवा.

आता कायदा. दोन कोटी युरो ही कमाल मर्यादा, तिथून कुणी सुरुवात करत नाही. सात दिवस हे त्याच्या मनाचे, जीडीपीआरमध्ये मुदत एक महिन्याची आहे. पण मुळात जीडीपीआर तुम्हाला लागू होतो का? तुम्ही भारतात बसून मराठी ट्रेकर्ससाठी सर्व्हर चालवता, युरोपातल्या लोकांना गाठायचा तुमचा इरादा दिसत नाही, एक जण तिकडे राहायला गेला एवढ्याने सहसा लागू होत नाही. मशीन जर्मनीत आहे म्हणूनही नाही, ती जबाबदारी होस्टिंग कंपनीची आणि तीही तिच्यापुरती. हां, ‘जर्मनीतल्या मराठी लोकांनो या’ अशी जाहिरात केली असेल किंवा युरोत देणग्या मागितल्या असतील तर गणित बदलतं, ते मला कळवा.

‘मी पैसे घेत नाही, हौस म्हणून करतो’ हा मुद्दा मात्र उत्तरात लिहू नका. स्वीडनमध्ये बोडिल लिंडक्विस्ट नावाच्या बाई चर्चचं सेवाभावी काम करायच्या, त्यांनी स्वतःच्या वेबपेजवर सहकाऱ्यांबद्दल लिहिलं, एकीच्या पायाला दुखापत झाल्याचंही लिहिलं, आणि २००३ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की सगळ्या जगाला दिसतंय त्याला कायद्यातून सूट मिळणारं घरगुती काम म्हणता येत नाही. जीडीपीआरच्या आधीच्या जुन्या कायद्याखालचा निकाल आहे, पण तत्त्व तेच.

आपल्याकडचा डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि डेटा पुसून मागायचा हक्क वगैरे मुख्य भाग लागू होतो त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. आणि त्यातही गंमत आहे, माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही, म्हणजे त्याच्या पब्लिक पोस्ट बाहेर. त्याचा ईमेल, आयपी अ‍ॅड्रेस, खाजगी मेसेज हे मात्र आत.

तरीपण पुसून टाका असंच मी म्हणेन, ठेवून तुम्हाला काय मिळणार आहे? फक्त तो मेल त्याने रजिस्टर केलेल्या आयडीवरून आलेला नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पासपोर्ट-बिसपोर्ट मागत बसू नका, त्याला सांगा लॉगिन करून सेटिंग्जमधून स्वतःच अकाउंट डिलीट कर. माणूस तोच आहे हेही कळेल आणि निरोपही जाईल. दुसऱ्या सर्व्हरने ऐकलं नाही तर तो तुमचा दोष नाही, जीडीपीआर लागू आहे असं धरलं तरी त्यात ‘वाजवी पावलं’ एवढीच अपेक्षा आहे. बॅकअपमध्ये त्याचा डेटा कधीपर्यंत राहील ते खरं खरं लिहा. इतरांनी त्याचं नाव घेऊन लिहिलेल्या पोस्ट त्यांच्या आहेत, त्या सरसकट उडवू नका.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या मेलच्या शेवटच्या ओळीची, जी तुम्ही सहज लिहून गेलात: भांडण झालं तेव्हा डेटाबेस उघडून दोघांचे खाजगी मेसेज बघितले. मॅस्टोडॉनवर ते एन्क्रिप्टेड नसतात, अ‍ॅडमिनला दिसू शकतात, पण दिसतात म्हणून वाचायचे नसतात ना. आणि त्याचे स्क्रीनशॉट मॉडरेटर ग्रुपवर टाकले असतील तर प्रकरण वेगळं आहे, आयटी कायद्याच्या कलम ७२ए मध्ये सेवा देताना हाती आलेली माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय किंवा करार मोडून, नुकसान करायच्या हेतूने किंवा होईल हे माहीत असून उघड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या बाबतीत तेवढं सिद्ध होईल असं मला आत्ता तरी वाटत नाही, पण म्युनिकवाल्याला उत्तर पाठवायच्या आधी मला स्पष्ट सांगा, कुणाला काय पाठवलं होतं, आणि तोपर्यंत तो मॉडरेटर ग्रुप डिलीट करू नका, पुरावा नष्ट केला असं दिसेल.