कारखाना पत्नीच्या नावावर काढू का? कोरेगावच्या सुभेदारांना उत्तर

प्रश्न: वय ४९. सैन्यातून सुभेदार म्हणून नुकताच निवृत्त झालो. कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग), ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्स मिळून ३५ लाख आले. हातात पेन्शन ३६ हजार. कोरेगावजवळ पेव्हर ब्लॉकचा कारखाना टाकायचा आहे, ३० लाख लागतील. टॅक्स वाचावा म्हणून तो पत्नीच्या नावावर काढू का? एक दोस्त म्हणतो, कंपनी काढ. दुसरा म्हणतो, फौजीला टॅक्सच नसतो.

सुभेदारसाहेब, आधी दुसऱ्या दोस्ताचं बघू. शौर्यपदकधारकांची पेन्शन करमुक्त असते. सेवेमुळे अपंगत्व येऊन ज्यांना नोकरी सोडावी लागली, त्यांचीही असते. बाकी सगळ्यांची पेन्शन पगारासारखीच करपात्र. त्याला स्वतःला यांपैकी एखादी सवलत मिळत असेल, तर त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं आहे. तुम्हाला आलेले ३५ लाख मात्र पूर्ण करमुक्त आहेत. ते रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवा आणि कागद जपून ठेवा, म्हणजे कारखान्याला पैसा कुठून आला हा प्रश्नच राहणार नाही.

आता पत्नीच्या नावाचं. तुमच्या पैशावर त्यांच्या नावाने धंदा काढला, तर त्या भांडवलाच्या प्रमाणातला नफा कायद्याने तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. तुमच्या धंद्यातून त्यांना पगार दिला, तरी त्या कामाचं तांत्रिक शिक्षण नसेल तर तोही तुमच्याकडेच येतो.

पण मुळात वाचवायला कर आहे कुठे? २०२५-२६ च्या दरांनी, नव्या करप्रणालीत मांडून बघू. वर्षाची पेन्शन ४ लाख ३२ हजार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरले ३ लाख ५७ हजार. उलाढाल ७० लाख धरू, सगळी बँकेतून. आयकराच्या कलम ४४एडीखाली (छोट्या धंद्याला खर्चाचा हिशोब न मांडता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवायची सोय) त्यावर ६ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार नफा धरता येतो (रोखीच्या विक्रीवर ८ टक्के). खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. ठेवीचं व्याज लाखभर. एकूण ८ लाख ७७ हजार. १२ लाखांपर्यंत रिबेट (करमाफी) असल्याने कर शून्य. कंपनीत तेच ४ लाख २० हजार ठेवलेत, तर २२ टक्के दर, अधिभार आणि उपकर मिळून १ लाखाच्या वर जातील. संचालक म्हणून पगार काढून ते कमी करता येतात, पण दरवर्षीचं ऑडिट काही सुटत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: स्वतःच्या नावाने, साधी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा.

मला खरी काळजी वाटते ती ३५ पैकी ३० लाख एकाच शेडमध्ये घालण्याची. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (बँकेच्या कर्जाला जोडून सरकारी अनुदान देणारी योजना) माजी सैनिक विशेष गटात येतात. ग्रामीण भागात उत्पादन उद्योगाला ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. महिलांनाही तेवढंच, त्यामुळे इथेही पत्नीचं नाव पुढे करून फायदा नाही. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो आणि धंदा नवा हवा. तेव्हा कर्ज मंजूर होईपर्यंत मशीनचा बयाणासुद्धा देऊ नका. आधी साताऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं, ते हातात येईल असं धरून चालू नका. तुमच्या जागी मी ८-१० लाखांच्या वर स्वतःचे घातले नसते. पन्नाशी झाली की सैन्यदलातल्या निवृत्तांना ज्येष्ठ नागरिक बचत योजना खुली होते, मर्यादा ३० लाख. उरलेला पैसा तिकडे न्या. पहिल्या पावसाळ्यात ब्लॉकची मागणी बसली, तर कर्जाच्या हप्त्यांना त्या व्याजाचा हातभार लागेल.

पहिल्या वर्षी एक घाई टाळा. खरोखर तोटा झाला, तर ४४एडीत शिरू नका. हिशोबाची वही नीट ठेवा आणि रिटर्न मुदतीत भरा. तोटा पेन्शनमधून वजा होत नाही, पण पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. एकदा ४४एडी घेऊन नंतर सोडलं, तर ५ वर्षं ते परत मिळत नाही. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात या कलमाचा क्रमांक बदलला आहे, सवलत कायम आहे.)

मालाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. तुमचं गिऱ्हाईक ठेकेदार असणार आणि त्याला करासकट बिल हवं असतं, तेव्हा कंपोझिशन योजनेत (कमी दराची, पण बिलात कर लावता येत नाही अशी) जाऊ नका. ब्लॉक बसवून देण्याचंही काम घेतलंत, तर बिलातून १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला जाईल. कर शून्य असला तरी रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही. आणि कर निघायची चिन्हं दिसली, तर ४४एडीवाल्यांना सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरावा लागतो.

जागा कोणाच्या नावावर आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वडिलोपार्जित आणि सामाईक असेल, तर भावांची लेखी संमती आणि बिगरशेतीचा कागद आधी करून घ्या. बँक पहिल्याच भेटीत तोच मागेल.